मँचेस्टर: कापूस गेल्यावर उरलेलं शहर

(हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना दर वाक्याला येणारं माझं ‘म्हणजे’ काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



सुरुवातीला शाळेतले प्रश्न. भारताचं मँचेस्टर कोणतं? अहमदाबाद. दक्षिण भारताचं? कोइमतूर. महाराष्ट्राचं? इचलकरंजी. स्पर्धा परीक्षावाल्यांना हे झोपेतही पाठ असतं. पण मूळ मँचेस्टर कसं आहे, तिथे आता काय चालतं, हे आपण कधी विचारत नाही. मलाही तिथे जाईपर्यंत फुटबॉलचे दोन क्लब सोडले तर काही माहीत नव्हतं. आणि आज मी फुटबॉलवर बोलणार नाहीये, आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला सात महिन्यांसाठी तिकडे पाठवलं. काम होतं नॉलेज ट्रान्स्फर, आपल्या आयटीतलं ‘केटी’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिकडच्या टीमचं काम समजून घ्यायचं, लिहून काढायचं आणि पुण्याला आणायचं. काम पुण्याला आलं की तिकडच्या माणसांची गरज संपते. मी ज्यांच्याकडून शिकत होतो ते गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, जवळच्या ओल्डहॅम गावचे. त्यांची आई तिथल्या सूतगिरणीत कामाला होती. आपण सात महिने जे शिकवतोय त्याने आपलीच खुर्ची जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाही.

तरी शनिवारी-रविवारी मला शहर दाखवलं ते त्यांनीच. आणि दाखवताना एक नियम घालून दिला. इथे कुठलीही जुनी इमारत बघितलीस की दोन प्रश्न विचारायचे. कापूस आला कुठून? आणि कापड गेलं कुठे? आजचा भाग त्याच दोन प्रश्नांवर आहे.

पाऊस, कोळसा आणि एक कालवा

पहिली शंका सगळ्यांना येते. इंग्लंडात कापसाचं एक बोंडही पिकत नाही. मग कापडाची राजधानी तिथे कशी?

मँचेस्टर इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर भागात येतं. त्याच्या पूर्वेला पेनाइन टेकड्या आहेत. पश्चिमेच्या समुद्रावरून आलेले ढग त्यांना अडतात आणि पाऊस पाडतात. आपल्या सह्याद्रीची छोटी, थंड आवृत्ती म्हणा. त्यामुळे हवा कायम दमट, आणि दमट हवेत सूत काततानाच धागा कमी तुटतो. टेकड्यांवरून येणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या चालायच्या. आणि जमिनीखाली कोळसा होता.

हा कोळसा शहरात आणणं महाग पडायचं. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर नावाच्या खाणमालकाने आपल्या वर्स्लीच्या खाणींपासून थेट कालवा खणवला. तो १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. माल नेण्याचा खर्च पडला की धंदा कसा उसळतो, याचं हे पुस्तकी उदाहरण आहे.

मग आलं वाफेचं इंजिन. तोपर्यंत गिरणीला ओढ्याच्या काठी राहावं लागायचं. आता कोळसा पोचेल तिथे गिरणी उभी राहू शकत होती. शहराच्या कडेला अँकोट्स नावाचा भाग आहे. तिथली मरे बंधूंची गिरणी १७९८ ची. वाफेवर चालणाऱ्या शहरी सूतगिरण्यांपैकी आज उभी असलेली जगातली सगळ्यात जुनी गिरणी ती हीच. १८०१ मध्ये शहराची लोकसंख्या साधारण ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती तीन लाखांच्या पुढे गेली. १८५३ मध्ये एकट्या मँचेस्टरमध्ये १०८ सूतगिरण्या होत्या. लोक शहराला ‘कॉटनोपोलिस’ म्हणायला लागले.

हा कालवा आजही बघता येतो. कॅसलफिल्ड भागात जा. खाली कालव्याचं संथ पाणी, काठाला लाल विटांची गोदामं, डोक्यावरून रेल्वेचे लोखंडी पूल. शेजारीच रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत, कारण शहराची पहिली वस्ती पहिल्या शतकातल्या रोमन सैन्याची. दोन हजार वर्षं दहा मिनिटांत चालून होतात.

तिथून जवळच लिव्हरपूल रोड स्टेशन आहे. १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, शहरा-शहरांमधली वाफेवर धावणारी पहिली मोठी प्रवासी रेल्वे. तेव्हाचं हे स्टेशन अजून उभं आहे. त्याच आवारात सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम आहे. ही रेल्वे कशासाठी झाली? लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस लवकर मँचेस्टरला पोचावा म्हणून. तेवीस वर्षांनी आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. भारतात रेल्वे व्हावी म्हणून इंग्लंडमध्ये ज्यांनी जोर लावला, त्यांत मँचेस्टरचे कापडवाले होते. त्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरापर्यंत यायला हवा होता.

गिरणीच्या आत

गिरणी बाहेरून फोटोला छान दिसते. आतला आवाज ऐकायचा असेल तर विमानतळाजवळच्या स्टायल गावातली क्वॉरी बँक मिल बघा. १७८४ ची आहे आणि तिथे माग आजही चालवून दाखवतात. चारच माग सुरू झाले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग शेकडो माग एका छताखाली कसे वाटत असतील?

लँकेशायरच्या गिरणी कामगार बायकांनी यावर तोडगा काढला होता. ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायचं आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. या बोलण्याला तिकडे ‘मी-मॉ’ म्हणतात. माझ्या सहकाऱ्यांनी सांगितलं, आई घरीही तसंच बोलायची. निवृत्त झाल्यावरसुद्धा, शांत स्वयंपाकघरात.

क्वॉरी बँकला एक वेगळं घर आहे, अप्रेंटिस हाउस. अनाथ आणि गरीब मुलांना इथे ठेवून घ्यायचे. राहणं-जेवण मालकाचं, काम मुलांचं. चालू यंत्राखाली सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करायचा, हे लहान मुलांचं काम होतं, कारण मोठं माणूस तिथे मावत नाही.

१८४२ मध्ये एक बावीस वर्षांचा जर्मन मुलगा मँचेस्टरला आला. त्याच्या वडिलांची इथे सूतगिरणीत भागीदारी होती आणि मुलाने धंदा शिकावा म्हणून त्यांनी त्याला पाठवलं होतं. मुलगा दिवसा हिशेब बघायचा. मेरी बर्न्स नावाच्या आयरिश कामगार मुलीशी त्याची ओळख झाली, आणि तिच्यामुळे तो कामगारवस्त्यांमध्ये फिरायला लागला. तळघरात राहणारी कुटुंबं, काळ्या पाण्याच्या नद्या हे सगळं त्याने लिहून काढलं. पुस्तक १८४५ मध्ये आलं. मुलाचं नाव फ्रेडरिक एंगल्स. त्याच वर्षी कार्ल मार्क्स त्याच्याबरोबर मँचेस्टरला आला आणि दोघं चेटम्स लायब्ररीत एका खिडकीशी बसून वाचायचे. १६५३ चं ते ग्रंथालय अजून चालू आहे आणि ती खिडकी, ते टेबल तसंच आहे. तुम्ही त्या विचारांच्या बाजूचे असा की विरुद्ध, त्या खिडकीत पाच मिनिटं बसून बघा. जगाचा एवढा मोठा भाग ज्याने हलला, त्याचा गृहपाठ एका गिरणीमालकाच्या मुलाने इथे केला.

कामगार गप्प बसून होते असंही नाही. एवढं मोठं शहर, पण पार्लमेंटमध्ये मँचेस्टरचा स्वतःचा एकही खासदार नव्हता. १६ ऑगस्ट १८१९ ला सेंट पीटर्स फिल्ड या मैदानावर साधारण साठ हजार माणसं मताच्या हक्कासाठी जमली. ठेवणीतले कपडे घालून, पोराबाळांना घेऊन आली होती. त्या गर्दीत तलवारी उपसून घोडदळ घातलं गेलं. कमीत कमी अठरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. चार वर्षांपूर्वी इंग्रजांनी वॉटर्लू जिंकलं होतं, म्हणून लोकांनी उपरोधाने या प्रकाराला नाव दिलं ‘पीटर्लू’. आज ‘गार्डियन’ म्हणून जगभर वाचलं जाणारं वर्तमानपत्र दोन वर्षांनी, १८२१ मध्ये, मँचेस्टरमध्येच सुरू झालं, ते या घटनेच्या पार्श्वभूमीवर. पीटर्लूचं स्मारक मात्र व्हायला २०१९ उजाडलं. दोनशे वर्षं लागली.

कापूस आला कुठून?

आता पहिला प्रश्न. १८६० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचा. तो गुलाम वेचायचे. क्वॉरी बँक ज्या ग्रेग कुटुंबाची होती, त्यांचा कॅरिबियनमध्ये गुलामांच्या श्रमावर चालणारा मळाही होता. मँचेस्टरच्या प्रत्येक सुंदर विटेमागे हे आहे आणि तिथली म्युझियम्स आता ते स्पष्ट लिहितात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरला कापूस येईना. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं मदतीच्या रांगेत उभी राहिली. याला तिकडे ‘कॉटन फॅमिन’, कापसाचा दुष्काळ म्हणतात.

अशा वेळी उपाशी कामगाराने काय म्हणावं? युद्ध थांबवा, कापूस आणा, असंच ना? तसं म्हणणारेही होते. पण ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि त्यांनी अब्राहम लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं: गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बरोबर आहोत. लिंकननी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर लिहिलं. आज मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे तो यामुळे. हा हॉल पीटर्लूच्याच मैदानावर उभा राहिला होता. आता तिथे हॉटेल आहे, दर्शनी भिंत मात्र जुनीच.

आणि याच वेळी इकडे मुंबईत काय चाललं होतं? पैशांचा पाऊस. अमेरिकेचा कापूस बंद म्हटल्यावर भारतीय कापसाचा भाव गगनाला भिडला. तो पैसा बँकांत, शेअरमध्ये, बॅक बेच्या भरावाच्या कंपन्यांत ओतला गेला. प्रेमचंद रायचंद या खेळाचे राजे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला त्यांनीच पैसा दिला आणि टॉवरला त्यांच्या आईचं नाव आहे. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि अर्धी मुंबई दिवाळखोर झाली.

गंमत बघा. आपला हा कापूस मँचेस्टरच्या कामगारांना बिलकुल आवडायचा नाही. त्याला ते सरसकट ‘सुरत’ म्हणायचे. तंतू आखूड, कचरा फार, धागा सारखा तुटायचा. आणि मजुरी तर निघालेल्या मालावर. त्यामुळे ‘सुरत’ हा शब्दच तिकडे ‘भिकार माल’ या अर्थाने वापरात आला. शेतकऱ्याला इकडे चार पैसे मिळत होते, तेव्हा त्याच कापसाने तिकडच्या कामगाराचा रोज बुडत होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

कापड गेलं कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरातलं आहे. १९१३ मध्ये ब्रिटनने जवळपास सात अब्ज यार्ड सुती कापड परदेशात विकलं. ते बहुतेक सगळं लँकेशायरचं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? भारत.

हे फक्त स्वस्त मालाच्या जोरावर झालं नाही. १८५० च्या दशकात कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. मग पटापट गिरण्या निघाल्या. त्यांतली बरीच यंत्रं लँकेशायरहूनच यायची. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्यातली मोठी कंपनी. म्हणजे एक धंदा भारताला यंत्रं विकत होता आणि शेजारचा धंदा भारताच्या गिरण्यांना घाबरत होता. लँकेशायरच्या दबावाखाली सरकारने १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर, आपल्याच देशात विकताना. हा कर जायला १९२६ उजाडलं. स्वदेशी चळवळीत विलायती कापडाच्या होळ्या का पेटल्या, ते या एका आकड्यातून कळतं.

मग सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी लँकेशायरला गेले, डार्वेन नावाच्या गिरणीगावात. त्यांच्या बहिष्कारामुळे, आणि जपानच्या स्पर्धेमुळेही, तिथे गिरण्या बंद पडत होत्या. लोक चिडून अंगावर येतील अशी भीती होती. झालं उलटं. गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती गराडा घालून जयजयकार केला. तो फोटो प्रसिद्ध आहे. गांधीजींनी बहिष्कार मागे घेतला नाही. तुमच्याकडे लाखो बेकार आहेत, आमच्याकडे कोट्यवधी लोक अर्धं वर्ष रिकामे बसतात, असा त्यांचा मुद्दा होता.

मँचेस्टर कॅथीड्रलच्या बाहेर २०१९ मध्ये गांधीजींचा पुतळा उभारला. काही विद्यार्थ्यांनी त्याला विरोधही केला होता. पुतळा घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. खानदेशचा कापूस मँचेस्टरला जावा म्हणून रेल्वे आली आणि दीडशे वर्षांनी खानदेशातल्या सुतारांचं काम तिथे जाऊन उभं राहिलं. मी त्या पुतळ्यापाशी बराच वेळ थांबलो होतो.

१२८ बाइट

आता माझ्या धंद्याची गोष्ट. हा भाग मी केलाच असता, कारण मँचेस्टर हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे आणि अर्ध्या लोकांना ते माहीत नाही.

२१ जून १९४८ ला मँचेस्टर विद्यापीठात एका यंत्राने स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्राम पहिल्यांदा चालवला. जगात पहिल्यांदा. त्याआधीच्या यंत्रांना नवं काम द्यायचं तर वायरी आणि स्विच बदलावे लागायचे. इथे काम हेच मेमरीत लिहिलेलं. तुमच्या खिशातला फोन आजही याच तत्त्वावर चालतो. यंत्राचं टोपणनाव ‘बेबी’. बनवणारे फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल.

मेमरी किती? १०२४ बिट. म्हणजे १२८ बाइट. आजच्या पद्धतीने ‘मँचेस्टर’ हा शब्द देवनागरीत साठवायला २४ बाइट लागतात. पाच वेळा ‘मँचेस्टर’ लिहिलं की बेबीची मेमरी संपत आली. पहिला प्रोग्राम १७ सूचनांचा. २,६२,१४४ या संख्येला भाग जाणारी, तिच्याहून लहान पण सगळ्यात मोठी संख्या शोधायची. उत्तर तुम्ही तोंडी सांगाल: निम्मी, १,३१,०७२. पण यंत्राला भागाकार येत नव्हता, फक्त वजाबाकी. एकेक संख्या घेऊन वजा करत करत त्याने ५२ मिनिटांत बरोबर उत्तर दिलं. म्हणूनच ही संख्या निवडली होती. यंत्र तेवढा वेळ न चुकता टिकतं का, हे बघायचं होतं.

त्याच वर्षी ॲलन ट्यूरिंग मँचेस्टरला आला. यंत्र विचार करू शकेल का, हा १९५० चा त्याचा गाजलेला लेख इथे असतानाचा. पुढे इथल्याच फेरांटी कंपनीने बेबीच्या वंशातला ‘मार्क १’ हा विक्रीचा संगणक बनवला. आणि १९५२ मध्ये समलैंगिक असल्याबद्दल ट्यूरिंगवर खटला चालून त्याला शिक्षा झाली. दोन वर्षांनी तो गेला. आता सॅकव्हिल गार्डन्समध्ये बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे, हातात सफरचंद. शेजारी बसायला जागा आहे. बेबीची चालू प्रतिकृती सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये आहे. एकाच म्युझियममध्ये सूत कातणारं यंत्र आणि संगणक दोन्ही बघायला मिळतात.

१९८२

दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायरची घसरण वेगाने झाली. १९५९ मध्ये सरकारने कायदा करून जुनी यंत्रं भंगारात काढायला गिरण्यांना पैसे दिले. उरलेल्या गिरण्यांत नवी यंत्रं रात्रंदिवस चालवायची म्हणून रात्रपाळीला भारत-पाकिस्तानातून आलेली माणसं घेतली. ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेलमधल्या देशी वस्त्या अशा झाल्या. मँचेस्टरच्या रशोममध्ये ‘करी माइल’वर तुम्ही कबाब खाल, तेव्हा हे लक्षात असू द्या. पण गिरण्या त्यानेही वाचल्या नाहीत. माझ्या सहकाऱ्यांच्या आईची गिरणी सत्तरच्या दशकात बंद झाली. शेवटची काही वर्षं तिच्या पाळीनंतर त्याच यंत्रावर रात्री एक पंजाबी माणूस यायचा. पाळी बदलताना दोघं एकमेकांना मान हलवायचे, एवढीच ओळख.

मँचेस्टर समुद्रापासून लांब. तरी लिव्हरपूलचं बंदरभाडं द्यायला नको म्हणून या शहराने ५८ किलोमीटरचा कालवा खणून १८९४ मध्ये समुद्रातली जहाजं थेट दारात आणली होती. ते सॅलफर्डचं बंदर १९८२ मध्ये बंद झालं.

१९८२ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? १८ जानेवारी, दत्ता सामंत, मुंबईचा गिरणी संप, अडीच लाख कामगार. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि गिरणगाव संपलं. एकाच वर्षी या गोष्टीची दोन टोकं तुटली. आणि त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये ‘हासिएंडा’ नावाचा नाइटक्लब उघडला. चालवणाऱ्या म्युझिक कंपनीचं नाव होतं ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’. कारखाने बंद पडत असलेल्या शहरातल्या पोरांनी स्वतःच्या कंपनीचं नाव ‘कारखाना’ ठेवलं होतं! तो क्लबही पुढे बंद झाला, पाडला. तिथे आता त्याच नावाचे फ्लॅट आहेत.

मुंबईत फिनिक्स मिलचं धुराडं मॉलमध्ये उभं आहे. मँचेस्टरमध्ये मरे बंधूंच्या गिरणीत फ्लॅट झालेत आणि अँकोट्समध्ये कॉफी पिताना शेजारच्या टेबलावर सगळे माझ्यासारखेच, लॅपटॉप उघडलेले. भाडी ऐकली तर त्या गिरण्यांत राबलेल्यांच्या नातवंडांना तिथे राहणं परवडणार नाही. म्हणजे तिकडे सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. फरक एक जाणवला. कामगाराची गोष्ट सांगणारं पीपल्स हिस्ट्री म्युझियम तिथे भर शहरात आहे, युनियनचे जुने रंगीत झेंडे जपून ठेवलेलं. प्रवेश मोफत. आपल्याकडे काळाचौकीला गिरणीच्या जागेत वस्त्रोद्योगाचं म्युझियम करायचा विषय किती वर्षं चाललाय, मुंबईकरांना विचारा.

फळ्यावरचे भाव

शेवटच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत माझे सहकारी मला रॉयल एक्स्चेंजला घेऊन गेले. हा कापसाचा बाजार. जगभरच्या कापडाचे सौदे इथे व्हायचे, हॉल इतका मोठा की त्याला जगातली सगळ्यात मोठी खोली म्हणायचे. १९६८ च्या शेवटच्या दिवशी इथला व्यापार थांबला. १९७६ पासून याच हॉलच्या मध्यभागी पोलाद आणि काचेचं सात बाजूंचं थिएटर आहे, अंतराळयान उतरावं तसं. १९९६ मध्ये आयआरएने जवळच प्रचंड बॉम्ब उडवला, इमारत हादरली, पण १९९८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

वर मान करून बघितलं की भिंतीवर भावफलक दिसतो. त्यावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. कुणी उतरवले नाहीत.

आम्ही दोघं त्याच्याखाली सँडविच खात बसलो होतो. मी धीर करून विचारलं, तुम्हाला माझा राग येत नाही का? ते म्हणाले, आईच्या गिरणीचं काम गेलं तेव्हा ती ज्यांच्याकडे गेलं त्यांना शिव्या द्यायची. मग एकदा म्हणाली, त्यांनाही पोरं असतील. थोड्या वेळाने वर बोट दाखवून म्हणाले, बघ, भाव ठेवलेत, नावं एकाचंही नाही.

त्या वर्षी मला चांगलं रेटिंग मिळालं. केटी वेळेत पूर्ण झाली होती ना. त्यांनी बावीस वर्षं सांभाळलेल्या सिस्टिमचा दोनशे पानांचा दस्तऐवज मी बनवला आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव टाकलं. सहा महिन्यांनी नव्या टीमने टेम्प्लेट बदललं तेव्हा ते उडालं. मी परत टाकलं. आता मी त्या प्रोजेक्टवर नाही, पण अधूनमधून उघडून बघतो. अजून आहे.

गेलात तर

दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी कॅसलफिल्डचा कालवा, सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, मग चालत पीटर्लूचं स्मारक, लिंकनचा पुतळा, डीन्सगेटवरची जॉन रायलंड्स लायब्ररी. ही एका कापड-सम्राटाच्या बायकोने, एनरिकेटा रायलंड्सने, नवऱ्याच्या आठवणीत बांधली, १९०० मध्ये उघडली. आत गेल्यावर चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. पुढे रॉयल एक्स्चेंज, कॅथीड्रल, चेटम्स. चेटम्सला टूरचं तिकीट आधी काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी अँकोट्स, मग ट्रामने सॅलफर्ड क्वेज. जुन्या बंदराच्या पाण्याकाठी लौरी गॅलरी आणि इम्पीरियल वॉर म्युझियम नॉर्थ आहे. लौरी हा गिरणीला जाणाऱ्या काडीसारख्या माणसांची चित्रं काढणारा चित्रकार, पोटापाण्यासाठी घरभाडी वसूल करायचा. वेळ उरला तर क्वॉरी बँक. शहरभर कचऱ्याच्या डब्यांवर, खांबांवर मधमाशी दिसेल. ते कामकरी माशीचं चिन्ह आहे, १८४२ पासून शहराच्या मानचिन्हात. छत्री न्याच.

तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? मुंबई, सोलापूर, नागपूर, इचलकरंजी, कुठलीही. त्यांचं नाव आणि खातं आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला ती नावं वाचून दाखवीन.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!